जुईच्या पानांवरची पांढरी लव: वाईतल्या एका मांडवाचं प्रकरण

वाईत कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर एक जुनं घर आहे. त्याच्या परसात जुईचा मांडव. लोखंडी पाइपांचा, साधारण दहा बाय बारा फुटांचा. एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला शेजारच्या घराची भिंत. वेल त्या घरच्या काकूंच्या सासूबाईंनी लावलेला, म्हणजे त्याचं वय पंचवीसच्या पुढेच. आषाढ ते आश्विन हा त्याचा बहर. दुपार कलली की कळ्या खुडायच्या आणि तिन्हीसांजेला त्या उमलायच्या आत ओवून व्हायच्या. एक गजरा ढोल्या गणपतीला, एक घरातल्या देवांना, उरलेल्या कळ्या आळीतल्या लेकीसुनांना. श्रावणात मंगळागौर कोणाकडेही असो, जुई याच घरून जायची.

गेल्या काही पावसाळ्यांपासून हे बिघडत गेलं. आधी कळ्यांचे झुबके विरळ झाले, मग कळ्या उमलेनाशा झाल्या, आणि शेवटच्या श्रावणात देवापुरताही गजरा होईना. कोवळ्या शेंड्यांवर, पानांवर, देठांवर पांढुरकं काहीतरी बसलेलं. वेलावर औषधांचे चार प्रकार मारून झाले होते. मी तिथे पोहोचले ती मार्गशीर्षात, बहर संपल्यावर, आणि घरातल्यांचा विचार जवळजवळ ठरला होता: वेल उपटून टाकायचा आणि त्या जागी पत्र्याची शेड घालून गाडी लावायची.

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण हीच चूक मी देशावर ठिकठिकाणी पाहते. पानावर पांढरं दिसलं की भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, आणि भुरी म्हटलं की बुरशीनाशक. जुईच्या बाबतीत हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो आणि त्यात चांगले, जुने वेल जातात.

वेल आधी ओळखून घेतला

रोगाकडे वळण्याआधी वेल जुईचाच आहे ना, हे पाहणं भाग होतं. रोपवाटिकांत जाई, जुई, सायली, कुंद यांची नावं सर्रास एकमेकांच्या गळ्यात पडलेली असतात आणि प्रत्येकाची कीड आणि छाटणी थोडी वेगळी. जाईचं पान संयुक्त, एका दांड्यावर सात, नऊ, अकरा पर्णिका, आणि कळीवर बाहेरून गुलाबी झाक. जुईचं पान बघितलं तर एकच वाटतं. देठाशी नीट पाहिलं तर त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी बारीक, कानाच्या पाळीसारख्या दोन पर्णिका दिसतात. या कानांवरूनच शास्त्रज्ञांनी तिला जॅस्मिनम ऑरिक्युलॅटम म्हटलं. काकूंच्या वेलाला ते कान होते. फूल पांढरंशुभ्र, लहान, बारीक नळीचं. शंका उरली नाही.

जुईची आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. तिच्या कोवळ्या पानांवर मुळातच मऊ, आखूड लव असते. निरोगी वेलाचं नवं पान बोटांना किंचित मखमली लागतं. त्यामुळे रोग सुरू होतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. 'जुईचं पान असंच असतं' म्हणून पहिला पावसाळा निघून जातो. काकूंकडेही तसंच झालं होतं.

आधी काय काय करून झालं होतं

काकूंचा मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी येणारा. त्यानं मनापासून प्रयत्न केले होते आणि कोणत्या महिन्यात काय मारलं याची मोबाइलमध्ये नोंदही ठेवली होती. ती नोंद मला फार उपयोगी पडली.

सुरुवातीला त्यानं पानाचा फोटो औषधांच्या दुकानात दाखवला. दुकानदारानं भुरी सांगितली आणि हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक दिलं. दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. मग 'कीड असेल' म्हणून सायपरमेथ्रिन. त्यानंतर काही आठवडे वेल बरा वाटला आणि पुढच्या फुटव्यावर पांढरेपणा आधीपेक्षा जास्त आला. मग कुणीतरी रसायनं नकोत म्हणून सांगितलं, तर निंबोळी तेल. आणि वेलाला ताकद यावी म्हणून दर महिन्याला ओंजळभर युरिया.

या यादीतली प्रत्येक गोष्ट का फसली ते पुढे कळेलच. युरियाबद्दल मात्र इथेच सांगते. नत्र भरपूर मिळालं की वेल कोवळा, लुसलुशीत फुटवा काढतो. नेमका तोच फुटवा ही लव आणणाऱ्या किडीला हवा असतो. मांडवाच्या ज्या बाजूचं आळं मोठं होतं आणि युरिया जास्त पडायचा, तिकडचे शेंडे सर्वांत खराब झालेले होते.

बोट आणि भिंग

भुरी आणि ही लव वेगळी करायला प्रयोगशाळा लागत नाही. भुरी ही पानावर वाढणारी बुरशी. तिची पांढरी पूड पानाच्या पृष्ठभागावर बसलेली असते. बोट फिरवलं की पूड बोटाला लागते आणि खालचं पान हिरवं दिसतं. काकूंच्या समोर मी एक पान खुडलं आणि अंगठ्यानं दाबून घासलं. अंगठा स्वच्छ. पानावरचा पांढरेपणा जिथल्या तिथे. त्यांना म्हटलं, तुम्हीही घासून बघा. त्यांनी पदरानं घासलं, नखानं खरवडलं. खरवडल्यावर पानाची साल निघाली, पण पांढरं वेगळं झालं नाही.

ते वेगळं होणारच नव्हतं, कारण तो पांढरेपणा पानाचाच भाग होता. भिंगाखाली तो जाड, गुंतलेल्या केसांचा थर दिसला, घोंगडीचा तुकडा चिकटवल्यासारखा. हे केस पानानं स्वतः काढलेले असतात. एक अतिसूक्ष्म कोळी कोवळ्या पेशींत सोंड खुपसून रस शोषतो, त्याच्या लाळेनं त्या पेशींची वाढ बिघडते आणि त्या भलत्याच प्रमाणात लव काढू लागतात. त्या लवेच्या आडोशाला कोळी राहतो, अंडी घालतो, वाढतो. उन्हापासून, वाऱ्यापासून आणि फवाऱ्यापासूनही त्याला तिथे संरक्षण मिळतं.

याचं नाव अॅसेरिया जास्मिनी. गुलाबावर किंवा वांग्यावर जो लाल कोळी आपण पाहतो तो याचा लांबचा नातलग. लाल कोळ्याला आठ पाय असतात, तो निदान डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसतो आणि जाळी विणतो. हा लांबट, फिकट, जाळी न विणणारा, आणि याला पाय फक्त चार, तेही पुढच्या टोकाला. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. नुसत्या डोळ्यांनी तो दिसण्याचा प्रश्नच नाही. माझ्या वीसपट भिंगाखाली लवेच्या मुळाशी काही फिकट कण सरकताना दिसले. खात्रीसाठी दोन शेंडे पिशवीत घालून जवळच्या एका महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली नेले. तिथे ते चार पाय स्पष्ट दिसले. काकूंच्या मुलाला मी त्याचा फोटो पाठवला आणि मग घरात कुणी भुरीचं नाव काढलं नाही.

कळ्यांचं काय होत होतं तेही मग उलगडलं. कोळी शेंड्यातल्या कळ्यांच्या अंकुरांपर्यंत पोहोचतो. जिथे झुबका यायचा तिथे लवेचा एक पांढरट गोळा होतो. काकू त्या गोळ्यांना 'कापसाच्या कळ्या' म्हणायच्या आणि त्या उमलतील म्हणून वाट बघायच्या. मी एक गोळा ब्लेडनं उभा चिरून दाखवला. आत पाकळ्या तयारच झालेल्या नव्हत्या.

आता ती औषधं. हेक्झाकोनॅझोल बुरशीवर काम करतं. कोळी बुरशी नाही, त्यामुळे पैसे आणि मेहनत वाया. सायपरमेथ्रिननं झालं ते जास्त वाईट. वेलावर कोळी खाणारे दुसरे कोळी असतात, लहान भुंगेरे असतात. असं सरसकट मारणारं कीटकनाशक उघड्यावर हिंडणाऱ्या या मित्रांना आधी मारतं. लवेत दडलेला शत्रू बराचसा वाचतो आणि पुढच्या फुटव्यावर त्याला मोकळं रान मिळतं. निंबोळी तेलाचा थोडा उपयोग झाला असता, पण एवढ्या दाट लवेच्या आत ते पोहोचतच नाही.

एक गोष्ट मला या प्रकरणात फार चुटपुट लावून गेली. नाशिककडचा कोणताही द्राक्ष बागायतदार भुरीवर पहिल्यांदा गंधकाचं नाव घेतो. गंधक भुरीवरही चालतं आणि या कोळ्यावरही. म्हणजे चुकीचं निदान करूनही दुकानदारानं जुनं, स्वस्त गंधक दिलं असतं, तर वेलाला पहिल्याच वर्षी उतार पडला असता.

पिवळेपणाचं कारण निराळं

वेलावर दुसरं एक लक्षण होतं आणि घरातल्यांनी ते पहिल्यात मिसळून टाकलं होतं. काही फांद्यांची नवी पानं पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं ठीक. हे कोळ्याचं काम नव्हे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण.

माती काळी, चुनखडीचे खडे असलेली. त्यात मोरीचं पाणी. काही वर्षांपूर्वी घरात वॉशिंग मशीन आलं आणि त्याची नळी मोरीत सोडली गेली. मोरीचं पाणी पूर्वीपासून जुईच्या आळ्यात जात होतं. पूर्वी ते भांडी विसळल्याचं आणि राखेचं असायचं, आता रोज डिटर्जंटचं. माती तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) आठाच्या बराच वर निघाला. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही.

उपाय साधा. मशीनची नळी गटाराकडे वळवली. आळ्यातली वरची माती सैल करून त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळली. युरिया बंद. पुढे नवी पानं आल्यावर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी फवारायची, पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा. हिराकस आणि गंधक एकाच पंपात घालायचं नाही, हे मी मुलाला दोनदा बजावलं. मोरीच्या पाण्यावर वाढवलेले वेल आपल्याकडे घरोघर आहेत आणि मशीन आल्यापासून त्यातले कित्येक असे पिवळे पडताना मी बघते आहे.

छाटणीचा प्रश्न

खरा अडथळा इथून पुढे होता. लव आलेलं पान पुन्हा बरं होत नाही. लवेच्या आत औषध पोहोचत नाही. तेव्हा रोगट हिरवा भाग काढून टाकणं आणि नंतर येणाऱ्या स्वच्छ फुटव्याचं रक्षण करणं, हाच मार्ग. जुई त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे हिवाळ्यातली कडक छाटणी तिला मानवते. तामिळनाडूत, जिथे जुईची शेतं आहेत, तिथे हिवाळ्यात वेल जमिनीपासून साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटतात.

पण शेतातली दोन वर्षांची झुडपं निराळी आणि पंचवीस वर्षांचा मांडव निराळा. काकूंचं म्हणणं होतं, "अगं, अर्धा या वर्षी काप, अर्धा पुढच्या वर्षी. सगळा उघडा केलास तर मरेल तो." त्यांच्या मनात सासूबाईंची आठवण होती, हे मला दिसत होतं, आणि ती भीती मी हलक्यात घेतली नाही. म्हाताऱ्या वेलाचं जुनं लाकूड फुटायला उशीर करतं हे खरंच आहे.

तरी अर्धी छाटणी मला मान्य नव्हती. अर्धा वेल ठेवला असता तर त्यातला प्रत्येक शेंडा कोळ्याची खाण राहिला असता, आणि माघ-फाल्गुनात वारा सुटला की तेच कोळी छाटलेल्या अर्ध्याच्या कोवळ्या डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या अंकुरांवर, जाऊन बसले असते. हे कोळी उडत नाहीत, पण वाऱ्यावर सहज वाहून जातात. कपड्यांवरून, हातांवरून, कात्रीवरूनही जातात. दोन वर्षांत अर्धा-अर्धा करण्यात दोन्ही वर्षं गेली असती.

आम्ही मधला मार्ग काढला तो जुन्या लाकडाच्या बाबतीत. जमिनीतून निघालेल्या पाच जाड खोडांपैकी कोणतंच पूर्ण काढायचं नाही. पाचही कमरेएवढ्या उंचीवर, जिथे सालीवर डोळे दिसत होते त्याच्या जरा वर, कापायची. त्यावरचा सगळा पसारा, एकही हिरवं पान न ठेवता, खाली आणायचा. काकूंनी एक अट घातली: छाटणी त्यांच्या देखत, आणि पहिली फांदी त्या कापणार. तसंच केलं.

पौषातल्या थंडीत काम झालं. तिथे थंडी चांगली पडते, त्यामुळे फुटवा लगेच येणार नाही हे माहीत होतं आणि ते सोयीचंही होतं. कापलेल्या तोंडांना बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर, प्लास्टिकच्या बादलीत कालवलेली. लोखंडी बादली यासाठी वापरायची नाही, मोरचूद तिला खातं.

काढलेला पाला कुठे टाकायचा याकडे बहुतेकजण लक्ष देत नाहीत, आणि तिथेच सगळं फिसकटतं. छाटलेल्या फांद्या मांडवाखाली ढीग करून वाळत ठेवल्या तर पान सुकताच कोळी ते सोडून बाहेर पडतात आणि वाऱ्यावर स्वार होतात. म्हणून फांद्या कापतानाच जुनी चादर खाली अंथरली होती आणि पाला तसाच उचलून जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला. पिशव्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. हिरव्या पाल्याविना हे कोळी फार काळ तगत नाहीत. चांगलं तापल्यावर तो पाला कचऱ्यात गेला, खताच्या खड्ड्यात नाही.

भिंतीपलीकडचा वेल

छाटणीच्या दिवशी मी पाइपावर चढून भिंतीपलीकडे डोकावले. तिथे एक छोटा मांडव, त्यावर जुई, आणि शेंड्यांवर तीच पांढरी लव.

तो वेल काकूंच्याच वेलाचा. शेजारच्या वहिनींनी काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दाब कलम करून (फांदी मातीत दाबून, मुळं फुटल्यावर कापून) नेलं होतं. रोग आधी कुठे आला हे आता सांगता येणार नाही. कलमाबरोबर इकडून तिकडे गेला असेल किंवा वाऱ्याबरोबर तिकडून इकडे आला असेल. एवढं नक्की की दोन्ही वेलांमध्ये हाताएवढी भिंत होती आणि एकाला स्वच्छ करून दुसऱ्याला तसंच ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

वहिनींचा वेल तरुण, अजून बऱ्यापैकी फुलणारा. त्यांना त्यात रोग दिसत नव्हता आणि त्यांनी तसं सांगितलंही: "आमच्याला येतायत की फुलं." मी त्यांना औषधाबद्दल काही सांगितलं नाही. काकूच बोलल्या. दोघींची जवळीक जुनी, हळदीकुंकवापासून दुखण्याखुपण्यापर्यंतची. काकूंनी आपल्या वेलाची एक 'कापसाची कळी' आणि वहिनींच्या वेलाची एक, अशा दोन्ही शेजारी शेजारी चिरून दाखवल्या. दोन्ही आतून सारख्याच. वहिनींना पटलं, पण त्यांच्या यजमानांना नाही. ते म्हणाले, छाटा, पण भिंतीकडचा भाग ठेवा, तिकडून आमची न्हाणीघराची खिडकी झाकली जाते.

म्हणजे अगदी नको तोच भाग राहिला. त्या क्षणी त्याहून जास्त काही होणार नव्हतं, आणि जेवढं झालं तेही काकूंच्या शब्दावर. शेजारच्या भिंतीशी जुईचा एक हिरवा पट्टा तसाच उभा राहिला.

फुटवा आणि गंधक

थंडी ओसरली आणि माघाच्या शेवटी खोडांवरचे डोळे फुगले. पाचपैकी चार खोडं जोमानं फुटली. पाचवं, सर्वांत जाड, बराच काळ तसंच राहिलं. काकू रोज जाऊन त्याला हात लावून यायच्या. ते फुटलं, पण चैत्रात आणि तेही बुंध्यापासून.

फवारणी कधी सुरू करायची हा या सगळ्यातला नाजूक भाग. पानं मोठी झाल्यावर केली तर उशीर, कारण कोळी डोळा उघडतानाच आत शिरतो. आम्ही पानांच्या दोन जोड्या उलगडल्या तेव्हा पहिली फवारणी केली. पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर, पानांच्या खालच्या बाजूला आणि शेंड्यांत पोहोचेल अशा बेतानं. दहा दिवसांनी पुन्हा, आणि मग आणखी एकदा.

गंधकाबाबत दोन पथ्यं आहेत आणि ती न पाळल्यानं वेल भाजलेले मी पाहिलेत. एक, पारा 32 ते 35 अंशांच्या पुढे जायला लागला की गंधक थांबवायचं. उष्णतेत ते कोवळी पानं करपवतं. म्हणून फाल्गुनातच जे करायचं ते करून घ्यायचं. दुसरं, तेलाची फवारणी आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं. निंबोळी तेलाची बाटली घरात होती आणि मुलाला एखाद्या शनिवारी ती वापरायचा मोह होऊ शकला असता, म्हणून काकूंनी ती सरळ माळ्यावर टाकली.

उन्हाळ्यात फवारणी नाही, फक्त नजर. काकूंना मी भिंग देऊन ठेवलं होतं. लव दिसली की तो शेंडा दोन पानं खालपर्यंत खुडायचा, थेट पिशवीत टाकायचा, आणि लगेच साबणानं हात धुवायचे. त्या हातानं दुसऱ्या फांदीला शिवायचं नाही. पाणी आठवड्यातून दोनदा, मुळांपर्यंत भरपूर. रोज थोडं थोडं नाही.

वैशाखात वहिनींच्या भिंतीच्या बाजूचे काही शेंडे पुन्हा पांढरे झाले. अपेक्षा होतीच. दुसऱ्या बाजूच्या, मोरीकडच्या फुटव्यावर तेव्हा काहीही नव्हतं. यजमानांनी स्वतः येऊन दोन्ही बाजू पाहिल्या. त्या आठवड्यात त्यांनी खिडकीला काचेवर चिकटवायचा कागद आणला आणि भिंतीकडचा पट्टा उतरवला. छाटणीची वेळ ती नव्हे, भर उन्हाळ्यात कापलेला वेल सुकायची भीती असते, तरी मी त्यांना थांबवलं नाही. सावलीसाठी वरून जुनी साडी बांधली आणि पाणी वाढवलं. तो वेल तरुण असल्यानं निभावला.

बहर

मृगाचा पाऊस पडल्यावर चार खोडांचे फुटवे मांडवावर पोहोचले. ते वळवून बांधणं काकूंनी स्वतः केलं, सुतळीनं, सैल आठाचा फास देऊन. आषाढाच्या मध्यावर पहिले झुबके दिसले.

बहर पूर्वीसारखा झाला नाही. मांडवाचा निम्मा भाग अजून रिकामा होता आणि बुंध्यापासून फुटलेलं पाचवं खोड या वर्षी फुलण्याच्या वयाचं नव्हतं. पण ज्या कळ्या आल्या त्या भरलेल्या आणि लांब होत्या आणि उमलल्या. नव्या पानांचा पिवळेपणा हिराकसच्या दुसऱ्या फवारणीनंतर गेला होता. श्रावणात रोज एक गजरा निघत होता. मंगळागौरीच्या मागण्या मात्र काकूंनी या वर्षी नाकारल्या, कारण खुडताना परक्या हातांनी शेंडे ओढले जावेत हे त्यांना नको होतं. त्यांचा हा निर्णय मला योग्य वाटला.

भाद्रपदात भिंतीकडून दोन फांद्यांवर लव आली. फुलं असताना गंधक मारायचं नव्हतं, म्हणून त्या फांद्या खुडल्या एवढंच. या किडीचा पूर्ण नायनाट झाला असं मी म्हणणार नाही. जुन्या वेलाच्या सालीच्या फटींत, डोळ्यांच्या खवल्यांत काही कोळी राहतातच. पुढची तीन-चार वर्षं हिवाळी छाटणी आणि फाल्गुनातलं गंधक हा क्रम चालू ठेवावा लागेल, आणि दर वर्षी तो हलका होत जाईल असा माझा अनुभव आहे.

मुलानं मध्येच एक प्रश्न विचारला होता, आणि तो रास्त होता: एवढं करण्यापेक्षा नवा वेलच का लावू नये? कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठानं 'परिमुल्लै' नावाचा जुईचा वाण निवडून काढलेला आहे आणि तो या कोळ्यापुढे बराच टिकाव धरतो. शेतावर जुई करणाऱ्याला मी तोच सुचवेन, खात्रीच्या ठिकाणाहून रोपं आणून. परसातल्या एका वेलासाठी माझा कल जुना वाचवण्याकडे होता. पंचवीस वर्षांची मुळं तिथल्या काळ्या मातीत आणि दगडांत खोल गेलेली आहेत. नव्या रोपाला मांडव झाकायला काही वर्षं लागली असती, आणि शेजारचा वेल रोगट असताना ते कोवळं रोप पहिल्याच उन्हाळ्यात सापडलं असतं. मोरीकडच्या कोपऱ्यात परिमुल्लैचं एक रोप लावून बघायचं मात्र ठरलं आहे.

या पौषात दोन्ही मांडव एकाच दिवशी छाटायचे, असं काकू आणि वहिनींनी आपसांत ठरवलं. पाल्याच्या पिशव्या, बोर्डो पेस्ट, गंधकाचं पाकीट, सगळं अर्धंअर्धं. कलमं मागायला आळीतून चार जणी येऊन गेल्या. त्यांना आणखी दोन पावसाळे थांबायला सांगितलं आहे. वेल वरून स्वच्छ दिसतो, पण दाब कलमासाठी जी फांदी निवडू तिच्या डोळ्यांत काय आहे ते सलग दोन फुटवे बिनलवेचे निघाल्याशिवाय कळत नाही, आणि हाच रोग कलमांबरोबर आळीभर वाटायला मी तयार नाही.